कुंपणापलीकडचे पाणी

माझे लग्न ठरत होते तेव्हाची गोष्ट. सासरे शाळामास्तर. त्यांनी चष्मा पुसत पुसत विचारले, "नोकरीत काम काय असते आपले?"

"नकाशे काढतो," मी म्हणालो.

"कशाचे?"

"ते सांगता येत नाही."

घरी गेल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितले म्हणे, की मुलगा सरळ दिसतो, घराणेही बरे आहे, पण बहुधा बेकार असावा!

वास्तविक मी खरे तेच बोललो होतो. १९७३ ते २००९ अशी छत्तीस वर्षे मी एका सरकारी खात्यात होतो. खात्याचे नाव आजही सांगत नाही; जिभेला वळणच तसे पडले आहे. ज्या जागांना उंच भिंत असते, भिंतीवर काटेरी तार असते नि फाटकावर ‘छायाचित्रे काढण्यास मनाई’ अशी पाटी असते, त्या जागांच्या आत काय कुठे असावे हे ठरवणे हे आमच्या शाखेचे काम. छावण्या, भांडारे, शिक्षणकेंद्रे, कर्मचाऱ्यांच्या वसाहती. याला मास्टर प्लॅन म्हणतात. सरकारी मराठीत बृहत् आराखडा. घर बांधताना आपण देवघर कुठे, चूल कुठे, मोरी कुठे हे ठरवतो ना? तेच दोन हजार माणसांसाठी ठरवायचे, आणि तेही पुढची पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवून.

आता हे काम शिकवावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, आठ वर्षे दुसऱ्यांच्या रेघा शाईने गिरवल्या, आणि १९८१ च्या जून महिन्यात मला सहा आठवड्यांच्या शिक्षणवर्गासाठी पुण्याला पाठवले. ‘हिने’ बेसनाचे लाडू नि जाड स्वेटर बांधून दिला. जूनमध्ये पुण्याला स्वेटर कशाला, हे विचारण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

या विद्येला पुण्यासारखे दुसरे गाव नाही. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली, आणि इंग्रजांनी गावाबाहेर छावण्या घातल्या. आज महाराष्ट्रातली सात कटक मंडळे मोजा: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद नि कामठी. त्यांतली पहिली तीन एकट्या पुण्याच्या आसमंतात. (अलीकडे अहमदनगरचे अहिल्यानगर नि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे, छावण्यांतला नागरी भाग नगरपालिकांना जोडण्याचीही हालचाल सुरू आहे.) सैन्यासाठी बांधकाम करणारी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस ही संस्था १९२३ ची. सैन्यातल्या इंजिनिअरांचे शिक्षण आधी रुडकीला होत असे. ती शाळा १९४८ साली दापोडीला आली आणि पुढे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग म्हणून नावारूपाला आली. मुंबईहून रेल्वेने पुण्याला जाताना दापोडीपाशी जी विस्तीर्ण हिरवी जागा लागते, ती त्यांची.

आमचा वर्ग तिथला नव्हे. आम्ही साधे मुलकी लोक. पण शिकवणारे गृहस्थ सॅपर्समधून निवृत्त झालेले मेजर होते. उंच, शिडशिडीत, आणि बोलणे अस्सल सदाशिव पेठी. पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण टोकदार पेन्सिली नि नवे कोरे टी-स्क्वेअर घेऊन बसलो. मेजरसाहेबांनी सगळी आयुधे गोळा करून कपाटात टाकली आणि किल्ली खिशात घातली.

"आठवडाभर कुणी रेघ मारायची नाही. छत्र्या घ्या नि चला."

आणि खरोखरच आठवडाभर आम्ही एका माळावर भर पावसात हिंडत होतो. पाणी कुठून येते, कुठे थबकते, कुठे जाते ते पाहायचे. वारा कोणत्या अंगाने येतो ते ओल्या बोटावर घ्यायचे. गुरांची पायवाट कुठून जाते, कारण गुरे नेहमी सोयीचा चढ शोधतात. एकाने चिडून विचारले, की कंटूरचा नकाशा हाताशी असताना ही पायपीट कशाला? तेव्हा साहेबांनी आम्हांला पॅट्रिक गेडीसची गोष्ट सांगितली. हा स्कॉटिश म्हातारा १९१४ साली हिंदुस्थानात आला. गावोगाव बोळाबोळांतून पायी फिरे, आणि मगच त्या गावाच्या सुधारणेचा अहवाल लिही. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठाने त्याला समाजशास्त्र नि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक नेमले. आधी निदान, मग औषध, असा त्याचा आग्रह. नाहीतर अर्धे गाव पाडून सरळ रस्ता काढायचा, ही इंजिनिअरांची आवडती शस्त्रक्रिया!

दुसऱ्या आठवड्यात पेन्सिली मिळाल्या. छावणीतली शिस्त ही केवळ कवायतीसाठी असते असा माझा समज होता, तो तेव्हा गेला. १८६३ साली हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्यावर एका शाही आयोगाचा अहवाल निघाला. वर्षाला दर हजारी एकोणसत्तर सैनिक मरत होते, आणि त्यांतले बहुतेक लढाईत नव्हे, तर पटकी, हगवण नि ताप यांनी. त्या कामामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती. ती कधी हिंदुस्थानात आली नाही; ठाण्याठाण्यांवरून आलेल्या प्रश्नावल्या वाचून तिने ओळखले, की शत्रू गटारात आहे. पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला शौचकूप नकोत, बराकी दाटीने नकोत, छत उंच हवे, मुदपाकखाना वाऱ्याच्या कोणत्या बाजूला ते ठरलेले हवे. आज पुण्याच्या कॅम्पातून फिरताना ऐसपैस बंगले नि रुंद रस्ते पाहून आपण ‘साहेबाची ऐट’ म्हणतो. ऐट होतीच, पण तिच्या पोटात मरणाचे हे भयही होते.

दारूगोळ्याच्या भांडाराचा धडा मात्र मला आधीच अर्धा येत होता, कारण आमची आई गिरगावात वाढलेली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. खिडक्यांची तावदाने अंगणात आली, ही गोष्ट तिने आम्हांला शंभरदा सांगितली असेल. मेजरसाहेबांनी त्याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. जहाजावर दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या, तेल होते, सोन्याच्या विटाही होत्या. एकेक वस्तू वेगळी ठेवली असती तर सांभाळता आली असती. म्हणून भांडाराच्या आराखड्यात कोठारांपेक्षा कोठारांमधली रिकामी जागा महत्त्वाची. प्रत्येक कोठाराभोवती मातीचा बांध, वर वीजवाहक, आणि आत किती माल त्यावर शेजारच्या कोठाराचे अंतर. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या भांडाराला ३१ मे २०१६ रोजी आग लागून स्फोट झाला, माणसे गेली. तेव्हा मी निवृत्त होतो, तरी दूरदर्शनसमोर बसून मनातल्या मनात अंतरेच मोजत होतो.

बाकी शिक्षण म्हणाल तर पुष्कळसे रुक्ष. सरकारी आराखड्यात ‘तुम्हांला काय हवे?’ असे कुणी विचारत नाही. ‘तुमचा हक्क किती?’ असे विचारतात. कोणत्या हुद्द्याला किती चौरस फूट, किती खोल्या, नळाच्या तोट्या किती, याचे पुस्तक असते. ते पाठ केले की माणूस कुणाच्या घरी पाहुणा गेला तरी दिवाणखान्यावरून यजमानाचा हुद्दा ओळखू लागतो! मग जागा निवडीचे मंडळ: जे तिथे राहणार त्यांचा अधिकारी, इंजिनिअर, जमीन खात्याचा माणूस नि डॉक्टर, असे सगळे जागेवर जाऊन उभे राहतात आणि कागदावर सह्या करतात. एकदा सह्या झाल्या, की ती भिंत शंभर वर्षे हलत नाही.

शेवटच्या आठवड्यात परीक्षा. सहाशे माणसांच्या ठाण्याचा आराखडा करायचा. मी चार रात्री जागलो. माझा कागद सुरेख उतरला होता, हे आजही सांगतो. बराकींवर पश्चिमेचा वारा, शाळा फाटकापाशी, रुग्णालय शांत कोपऱ्यात. नि सगळ्या आवाराचे सांडपाणी नि पावसाचे पाणी उताराने एका नाल्यात घेऊन ईशान्य कोपऱ्यातून बाहेर. मेजरसाहेबांनी पुष्कळ वेळ पाहिले. मग त्या नाल्यावर बोट ठेवले, बोट हळूहळू सरकवत कुंपणापर्यंत आणले, कागदाच्या कडेवरून उतरवले आणि टेबलाच्या लाकडावर थांबवले.

"इथून पुढे कुठे गेले पाणी?"

"साहेब, ती आपली हद्द नाही."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. "पाण्याला विचारलेत का?" एवढेच म्हणाले. गुण मात्र चांगले दिले. कमी दिले असते तर बरे झाले असते, असे पुढे अनेकदा वाटले.

१९८६ मध्ये एका ठाण्याचा आराखडा माझ्या हातून झाला. ठिकाण देशावरचे, यापेक्षा जास्त सांगत नाही. नाला ईशान्येऐवजी आग्नेयेला होता, एवढाच फरक. पाणी भिंतीखालच्या जाळीतून पलीकडे ओढ्यात सोडले. मंडळाच्या सह्या झाल्या, इमारती उठल्या, मला बढती मिळाली.

तीन वर्षांनी टपालात एक अर्ज आला. पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा. मुलाच्या हातून लिहून घेतलेला असावा. अक्षर शाळकरी होते. तुमच्या भिंतीखालून येणारे पाणी पावसाळ्यात माझ्या विहिरीत शिरते, विहीर बाटली आहे, बांध फुटला आहे, येऊन पाहावे. मी गेलो नाही. उत्तराचा मसुदा मीच केला: ‘सदर बाब या कार्यालयाच्या हद्दीबाहेरील असल्याने कार्यवाही करता येत नाही.’ साहेबांची सही झाली, जावक क्रमांक पडला. त्या संध्याकाळी घरी मी हे गमतीने सांगितले. ही भाकरी थापत होती. ती काही बोलली नाही. तिचे माहेर खेड्यातले, विहीर बाटणे म्हणजे काय ते तिला मला सांगावे लागत नव्हते.

आम्ही १९८४ पासून साकीनाक्याला राहतो. साकीविहार रस्त्याच्या आतल्या बाजूला, तळमजल्यावर. ज्याने आयुष्यभर इतरांना आखीव वसाहतीत बसवले त्याला घर मिळाले ते अशा ठिकाणी, जिथे दोन रेषा समांतर सापडणे कठीण! गाळ्यांना लागून गाळे, लेथचा खडखडाट, वर विमानांची घरघर. आता मेट्रो आली आहे. पण एक गोष्ट इथे कुणी आखली नव्हती नि जी होतीच, ती मिठी नदी. विहार नि पवई या तलावांचे सांडव्याचे पाणी घेऊन ती निघते, मरोळ, साकीनाका, सफेद पूल, कुर्ला असे करत सुमारे अठरा किलोमीटरांनी माहीमच्या खाडीला मिळते. आम्ही तिला नालाच म्हणत असू. मीसुद्धा.

२६ जुलै २००५. मुंबईकरांना सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला जेमतेम ७३. इकडे साकीनाक्याला डोंगरकडा झोपड्यांवर कोसळला, कित्येक माणसे गेली. आमच्या घरात पाणी आधी मोरीतून वर आले. मग दारातून. मी कार्यालयातून छातीभर पाण्यातून रात्री साडेनऊला पोचलो, तेव्हा ही जेवणाच्या टेबलावर उभी होती. काखेत देवांची पेटी, डोक्यावर पापडांचा डबा. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आम्हा दोघांना दोराने वर घेतले. रात्री दीड वाजता मेणबत्तीच्या उजेडात, शेजारणीचे लुगडे नेसून बसलेली ही मला म्हणाली,

"अहो, हे पाणी कुणाच्या हद्दीतलं हो?"

सोळा वर्षे तिने तो प्रश्न मनात ठेवला होता.

पाणी ओसरल्यावर मी माझे जुने शिक्षण आठवून नदीच्या काठाने पायी निघालो. वरच्या अंगाला आरेची जमीन, राज्य सरकारची. खाली मरोळची औद्योगिक वसाहत, तिचे नियोजन औद्योगिक महामंडळाकडे. मग महानगरपालिकेची हद्द. मग विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात हा ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता, पुढे नागरी विमानांकडे आला नि वाढत गेला. इथे नदीला भिंतीच्या कडेने कोपऱ्यासारखी वळणे घ्यावी लागतात आणि धावपट्टीच्या पोटाखालून जावे लागते. त्याखाली वांद्रे-कुर्ला संकुल. १९७७ पासून ते महानगर प्रदेश प्राधिकरणाकडे, खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून उभे केलेले. एकच नदी, नि दर दोन-तीन मैलांना तिचा मालक निराळा. प्रत्येकाचा नकाशा आपापल्या परीने बरोबर असणार. मी प्रत्येक कुंपणापाशी थांबलो, आणि प्रत्येक ठिकाणी मला टेबलाच्या लाकडावर टेकलेले ते बोट दिसले.

मुंबईचा एकसंध विचार कुणी केलाच नाही असेही नाही. ना. वि. मोडक, ज्यांच्या नावाचा मोडकसागर आपल्याला पाणी पाजतो, त्यांनी अल्बर्ट मेयर या अमेरिकनाच्या जोडीने १९४८ साली बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली होती. हा मेयर युद्धकाळात अमेरिकन सैन्याचा इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात विमानतळ बांधायला आलेला. म्हणजे कुंपणाच्या आतले काम शिकलेला माणूस बाहेरच्या शहराचा विचार करू शकतो! पुढे १९९३ च्या अहवालाने शहराची गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसापुरती आहेत, ती ५० ची करा, असे सांगितले होते. पुराची चौकशी माधवराव चितळे यांच्या समितीने केली, मिठीसाठी प्राधिकरण नेमले गेले, पात्र रुंद नि खोल करण्याचे काम झाले. अजूनही पावसाळ्यात आमची सोसायटी मोरीच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या ठेवते.

२००७ साली देशावरच्या त्या ठाण्याच्या दुरुस्तीची फाईल योगायोगाने माझ्या टेबलावर आली. मी टिपण लिहिले, की पाणी भिंतीबाहेर सोडण्याआधी आवारातच दोन तळी करून ते थोपवावे, गाळ बसू द्यावा. फुटबॉलच्या मैदानाचा एक कोपरा त्यात जाणार होता, त्यावरून सहा महिने पत्रव्यवहार झाला. अखेर मंजुरी मिळाली. जागेवर गेलो तेव्हा, एकवीस वर्षांनी पहिल्यांदा, मी फाटकातून बाहेर पडलो नि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो.

म्हातारा वारला होता. मुलगा चाळिशीचा; हाच तो अर्ज लिहिणारा. विहीर बुजवली होती, वर कडबा रचला होता. शेतात आता बोअर होते. मी कोण ते सांगितले. त्याने बसायला घोंगडी टाकली, चहा सांगितला, आणि आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली.

"दादांनी तुमचं पत्र जपून ठेवलं होतं, साहेब. सरकारचं उत्तर आलं म्हणून त्यांना लई बरं वाटलं होतं. सगळ्या गावाला दाखवलं. काय लिहिलंय ते मात्र मी त्यांना नीट वाचून दाखवलं नाही."

घडी फाटत आलेली होती. जावक क्रमांक, तारीख, आणि डाव्या कोपऱ्यात, मसुदा करणाऱ्याची म्हणून, माझी आद्याक्षरे.

मी चहा घेतला. दुसरे काही सुचले नाही. तळी झाल्यापासून ओढ्याला पावसाळ्यात गढूळ लोंढा येत नाही, असे त्याने पुढच्या वर्षी कळवले; विहिरीचे काही लिहिले नाही.

निवृत्तीनंतर नवीन मुलांच्या शिक्षणवर्गात मला दोन व्याख्यानांसाठी बोलावतात. मानधन टॅक्सीपुरते असते. आता सगळे संगणकावर. समोच्च रेषा क्षणात पडद्यावर येतात, नि मुले माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. निम्म्या तर मुलीच. मी व्याख्यान देत नाही, त्यांना साकीनाक्याला घेऊन येतो. ही पोह्यांचे पातेले चढवते. मग आम्ही सफेद पुलावरून खाली उतरतो आणि नदीच्या काठाने चालू लागतो. गेल्या जूनमध्ये एका मुलीने सोबत मोठ्या कागदावर छापलेला नकाशा आणला होता. विमानतळाच्या भिंतीपाशी पोचलो तसा पहारेकरी शिट्टी फुंकत आला.

"ओ काका, कुठे चाललात? इथून पुढची हद्द आमची."

"बरोबर आहे," ती मुलगी म्हणाली. तिने नकाशा भिंतीला टेकवून उलगडला. "फक्त एवढं सांगा, पलीकडे पाणी कुठून बाहेर पडतं?"

पहारेकऱ्याने टोपी मागे सारली, शिट्टी खिशात घातली आणि नकाशावर वाकला.